लाल गोलाबाहेरचा आकडा

वसईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीत बसून प्रल्हादकाकांनी एकतीस वर्षं लोकांना रिपोर्ट दिले. दिले म्हणजे नुसते हातात ठेवले नाहीत. आधी कागद उलगडायचा, लाल पेन उघडायचं आणि जो आकडा वाढलेला असेल त्याच्याभोवती गोल काढायचा, ही त्या लॅबची पद्धत. डॉक्टरांचा वेळ वाचतो, असं मालकांचं म्हणणं. वाढलेली साखर, वाढलेलं कोलेस्टेरॉल, वाढलेलं युरिक ॲसिड, सगळ्यांना गोल. कमी असणाऱ्यांत गोलाचा मान फक्त हिमोग्लोबिनला, आणि डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्सना. बाकी काही कमी आलं आणि खिडकीपलीकडचा चेहरा उतरला, की काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "कमी आहे ना? कमी म्हणजे चांगलं. घरी जा, जेवा."

लोक खरोखर घरी जाऊन जेवायचे. फर्डिनंड नावाचे एक केळीचे बागायतदार तर डॉक्टरांकडे जायच्या आधी मुद्दाम खिडकीशी थांबायचे. "डॉक्टर घाबरवतो," ते म्हणायचे. "तुम्ही काय ते बोला, मग मी घाबरायला मोकळा."

काकांचे स्वतःचे पाय मात्र चाळिशी ओलांडल्यापासून कुरकुरत होते. आधी डाव्या पावलात कायम खडा घेऊन चालल्यासारखं वाटायचं. मग गुडघे, मग खुबे. दोनदा पावलाच्या हाडाला बारीक चीर गेली. एकदा जिना उतरताना, आणि एकदा काहीच न करताना. सल्ले भरपूर मिळाले. चप्पल बदला. गादी बदला. एकानं वजन उतरवायला सांगितलं. काकांचं वजन बावन्न किलो. त्यातून उतरवायचं ते कुठून, हे सांगणाऱ्यानं सांगितलं नाही.

दरवर्षी ते आपल्याच लॅबमध्ये रक्त द्यायचे आणि आपला रिपोर्ट आपणच तपासायचे. लिव्हरच्या तपासणीतली एक ओळ, अल्कलाइन फॉस्फेटेज: अठरा. पुढल्या वर्षी सतरा. त्याच्या पुढल्या वर्षी एकोणीस. शेजारीच छापलेलं असायचं की चाळीसच्या खाली जाऊ नये. पण वाढलेलं काही नाही, म्हणून गोल नाही. एकदा तर त्यांनी लॅबमधल्या सुझानला कौतुकानं कागद दाखवला होता, "बघ, लिव्हर कसं स्वच्छ आहे." सुझाननं "वा काका" म्हटलं, आणि काका लंगडत जिना उतरले.

कागदावर जे नाही ते दुखतं, हे लोकांना पटवणं अवघड असतं. काकांनी तो नाद सोडला होता. पण एका माणसाला पटावं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती: अर्नाळ्याला दिलेली त्यांची थोरली बहीण, आशालता.

चार वर्षांपूर्वी आई गेली. शेवटची काही वर्षं ती लेकीकडेच होती, तिथूनच तिला न्यायचं होतं. काकांनी तिरडीला खांदा दिला आणि दहा-बारा पावलांवर उजव्या पायात अशी कळ गेली की तिरडी कलली. चुलतभावानं झटकन खांदा बदलला. काका मागून रिक्षेनं गेले. दहाव्याला भरल्या घरात आशालता म्हणाली, "आईनं तुला पाठीवर घेऊन आगाशीचा बाजार केला, आनि तिला मसनात न्यायला तुला रिक्षा लागली." त्यानंतर बोलणं बंद. चार भाऊबीजा कोरड्या गेल्या.

काकांनी लग्न केलं नव्हतं. नोकरी होती तोवर खिडकीपलीकडे दिवसाला शंभर माणसं असायची. निवृत्त झाल्यावर एकही राहिलं नाही. सकाळी ते पेपर मोठ्यानं वाचायचे, आपला आवाज चालू आहे ना ते बघायला. चहा सवयीनं दीड कप व्हायचा. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, हा दिवसातला पहिला आणि बहुतेक शेवटचा महत्त्वाचा निर्णय.

या डिसेंबरात पुन्हा चीर गेली, आणि त्या निमित्तानं गावात नव्यानं आलेल्या डॉक्टर रीमा त्यांना भेटल्या. वयानं लहान, बोलायला कमी. काकांनी अकरा वर्षांचे रिपोर्ट फायलीत क्रमानं लावून नेले होते. डॉक्टरांनी ते टेबलभर पसरले आणि प्रत्येक कागदावर त्याच एका ओळीवर, अल्कलाइन फॉस्फेटेजवर, बोट ठेवत गेल्या.

"काका, हे दरवर्षी कमी आहे."

"कमी म्हणजे चांगलं," काका सवयीनं म्हणाले.

"हे नाही." त्यांनी फाईल सरकवली. "हाडात चुना नीट बसायला हे लागतं. घराला विटा आहेत, सिमेंट आहे, पण गवंडीच कामावर येत नाही, असं समजा. मग तडे जातात, आणि गेलेले बुजत नाहीत. हे जन्मापासून असू शकतं."

हाडं बळकट करायला म्हणून काका आठवड्यातून एक गोळी घेत होते, ती डॉक्टरांनी तिथल्या तिथे बंद केली. हाच आजार निघाला तर ती उलटी पडेल म्हणाल्या. रक्ताच्या आणखी दोन तपासण्या लिहिल्या. मग विचारलं, "तुमचे दुधाचे दात कधी पडले? लवकर? मुळासकट?"

"मला कसं आठवणार?"

"घरात कुणाला तरी आठवत असेल. आईला..." काकांचा चेहरा बघून त्या थांबल्या. "मोठं भावंड?"

"आहे एक," काका म्हणाले.

दोन दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फाईल पिशवीत घातली आणि अर्नाळ्याची बस धरली. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, त्याचा वास थेट आशालताच्या ओटीपर्यंत आला होता. ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती. दारात भाऊ बघून तिचा हात थांबला.

"कोन गेलं?"

"कुणी नाही. दातांचं विचारायला आलोय."

"वसईत दातांचे डाक्टर संपले?"

"माझे दुधाचे दात कधी पडले, ताई?"

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. चार वर्षांचा राग तयार होता, पण या प्रश्नाला लावता येईल असा त्यातला एकही तुकडा तिला सापडेना.

"तीन वर्सांचा पन नव्हतास," ती अखेर म्हणाली. "पेज खाताना समोरचे दोन हातात आले. मुळं ही एवढी लांब. आई रडली, तिला वाटलं कोनाची नजर लागली. मग महिन्या-महिन्यानं एकेक. साळेत घातलं तेव्हा तू भात कुस्करून खायचास. पोरं तुला आजोबा म्हनायची. मी मारायची त्यांना."

"मला काहीच आठवत नाही."

"तुला कशाला आठवेल? मार मी खाल्लाय."

काकांनी फाईल काढली. एकतीस वर्षं दुसऱ्यांना कागद समजावलेला हा माणूस आज आपला कागद बहिणीला समजावू लागला. गवंड्याचं, विटांचं सगळं सांगून झालं. आशालतानं कागदाकडे बघितलंच नाही.

"मग त्या दिवसाची रिक्षा..."

"मांडीचं हाड तडकलं होतं. दोन दिवसांनी एक्स-रेत दिसलं."

"मला बोलला नाहीस."

"बोललो होतो. तू म्हणालीस, आमचे पाय काय दुखत नाहीत?"

आशालता शेंगा सोलत राहिली. सोललेले वाल टरफलांत आणि टरफलं वालांच्या टोपलीत पडत होती, ते तिच्या लक्षात आलं नाही.

"दुखतात," ती म्हणाली. तिनं लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं. डावं पाऊल वरून सुजलेलं होतं, जुनी सूज, चकाकणारी. "आठ वर्सं झाली. घरात सांगितलं तर सून म्हनते, सासूबाईंना बसायला निमित्त हवं. म्हनून सांगत नाही. आनि माझे दात तरी कुठे टिकले? चाळिशीला कवळी आली."

काका त्या पावलाकडे बघत राहिले. सगळ्या तालुक्याचं रक्त त्यांच्या खिडकीतून गेलं होतं. बहिणीचं एकदाही नाही.

"तुझी पण तपासणी करायला हवी," ते म्हणाले.

"आनि काय होईल? बरं होईल?"

"ते डॉक्टरही सांगत नाहीत. पण खरं आहे ते तरी कळेल."

"खरं आहे ते मला ठावकी आहे," आशालता म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सुनेला कळलं तर बरं. ये न्यायला सोमवारी. उपाशी रहावं लागेल काय?"

"नाही."

तिनं चहा केला. माफीचं काही ती बोलली नाही, आणि काकांनीही त्याची वाट पाहिली नाही. बसची वेळ झाली तशी ती कुंपणापर्यंत आली.

"स्टँडवर आले असते, पन..."

"नको," काका म्हणाले. "तू इथेच थांब."

एवढ्याशा रस्त्यात त्यांना तीनदा उभं राहावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी मागे वळून बघितलं. आशालता कुंपणाला धरून, सगळा भार उजव्या पायावर टाकून, तशीच उभी होती.