पडद्यावरचे दोन भाऊ

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. घरच्यांपुढे नाही, मित्रांपुढे नाही. निखिलला सांगायची वेळच आली नाही — त्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये निखिल आणि मी सहा वर्षं एकत्र राहिलो. मराठी मंडळात आम्ही ‘रूममेट’ होतो. चाळिशीतले रूममेट! लोकांना कळत नसेल का? कळत असेलही. विचारत कुणी नव्हतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

निखिल कॉलेजात स्पॅनिश सिनेमा शिकवायचा. त्या वर्षी त्याची आई नागपूरहून आली होती. काकूंना आमच्याबद्दल सांगायचं त्याने ठरवलं होतं, पण समोर बसला की शब्द अडायचे. म्हणून मंडळाच्या सिनेमाच्या दुपारसाठी त्याने एक स्पॅनिश चित्रपट निवडला — हुकूमशाहीतले दोन पुरुष, एकमेकांवर जीव टाकणारे, आणि त्यापायी त्यांच्यामागे लागलेले पोलीस. ‘‘आधी आईला पिक्चर बघू दे यार,’’ तो म्हणाला, ‘‘मग घरी गेल्यावर मी बोलतो.’’

भारतातून आलेल्या आई-वडिलांना भराभर इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून पडद्याखालच्या इंग्रजी ओळींवरून मराठी ओळी मी लिहायचो. आणि नेमका त्याच महिन्यात मी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा होतो. असं काय मोठं राज्य मिळणार होतं मला? गणपतीचा हॉल बुक करायचा आणि माइक धरायचा! तरी मी घाबरलो. चित्रपटात पोलीस दोघांपैकी एकाला विचारतो, हा तुझा कोण? तो मान ताठ ठेवून सांगतो — माझा प्रियकर. मी लिहिलं, ‘माझा भाऊ’. बाकीचं सगळं राजकारणावर ढकललं. चुंबन कुठे नव्हतंच, त्यामुळे खपून गेलं.

निखिल काकूंशेजारी बसला होता. त्याला स्पॅनिश कळत होतं आणि मराठीही. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, एकदाच.

घरी गेल्यावर त्याने आईला काहीच सांगितलं नाही. काकू परत गेल्या, हिवाळ्यात वारल्या. त्यानंतर निखिल घर सोडून गेला. मी निवडून आलो, अजून अध्यक्ष आहे.

एवढंच, असं वाटलं ना तुम्हाला? मीही स्वतःला वर्षानुवर्षं एवढंच सांगत आलो — दोन-चार ओळी बदलल्या. पण ते तिथे संपलं नव्हतं. सिनेमानंतर चहाच्या टेबलापाशी काकू डोळे पुसत आल्या. ‘‘किती जीव होता बाप्पा त्या भावाभावांचा!’’ म्हणाल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘‘तूही माझ्या निखिलचा असाच भाऊ ना रे?’’

निखिल समोरच उभा होता, हातात कप घेऊन. तो माझ्याकडे बघत होता. त्याला अजूनही आशा होती — ती मला स्पष्ट दिसत होती.

मी म्हणालो, ‘‘हो काकू. भाऊच.’’