गवत काढू नका, हे सांगायला सेनगावहून हिंगोलीला

पोरीचा फोन आला आणि मी देवाला हात जोडले. तसे ते मी कोणाच्याही फोनला जोडतो. पण संगीता, माझी थोरली, हिंगोलीबाहेर शेतीचे पाइप बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासायला आहे आणि या वेळी भानगड मोठी होती. कारखान्यामागच्या माळावर जेसीबी फिरवून गवत खरवडायचं आणि जीवसृष्टी वाचवण्यासाठी पाहुण्यांच्या हातून तिथे झाडं लावायची, असं साहेबांनी ठरवलं होतं. ही बाई मीटिंगमध्ये उठून म्हणाली, "माळावर आधीच जीव राहतात." साहेब म्हणाले, "दाखवा." तिने सांगून टाकलं, "माझे बाबा दाखवतील."

बाबा चौथी शिकलेले. जन्मभर मेंढरं राखलेली. आता पोरीची नोकरी माझ्या जिभेवर.

सेनगावहून सकाळची एसटी धरा. जीप लवकर भरते, पण तिचा ड्रायव्हर अर्धा बाहेर बसून गाडी हाकतो आणि आपला जीव आत अडकतो. एसटीत ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. मी मूळ कार्ड आणि दोन झेरॉक्स नेल्या, कंडक्टरने एकही पाहिली नाही. हिंगोलीत मोंढ्याकडे हळदीची पोती उतरत होती, मला शिंकांवर शिंका. तिथे भजी चांगली मिळतात. मिरचीची खाऊ नका. मी खाल्ली.

कारखान्याच्या गेटवर वॉचमनने माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं.

"गवत पाहायला हेल्मेट काहून?"

"नियम हाय मामा. गवत पडलं डोक्यावर तर?"

माळावर जेसीबी उभाच होता. साहेब तरुण, शहरातले, पांढरी पँट. म्हणाले, "आजोबा, हे सगळं वाळलंय. मेलंय हे."

"उन्हाळ्यात तुमी बी असेच वाळता सायेब. मेले का?"

संगीताने मला चिमटा काढला. मग मी शोधायला लागलो आणि काही म्हणजे काही सापडेना. पाखरू नाही, ससा नाही, साधी लेंडीही नाही. साहेब घड्याळ पाहत होते. पोरीची नोकरी गेली, असं वाटलं. मग आठवलं, मेंढरामागे असताना मी कधी काही शोधलंच नव्हतं. नुसता बसायचो.

"सायेब, बसा."

"इथे?"

"बसा. अन् बोलू नका."

पांढऱ्या पँटीला कुसळं टोचत होती, पण बसले बिचारे. थोड्या वेळाने चंडोल गवतातून वर उडाला आणि गायला लागला. मग टिटवी आली, तुरुतुरु चालत जेसीबीच्या चाकापाशी गेली आणि खड्यांवर बसली. बसताना तिने अंग उचललं तेव्हा खाली चार अंडी दिसली, अगदी खड्यांसारखी.

जेसीबीवाला पाहतच राहिला. "च्यायला! सकाळपासून तिच्या बाजूलाच थुंकून राहिलो मी!"

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेले कामगार डबे हातात धरून पाहत उभे होते. साहेब कुसळं काढत म्हणाले, "ठीक आहे. पण पाहुण्यांना काय दाखवू? गवत?"

"झाडं कुंपणाच्या भिंतीलगत लावू," संगीता म्हणाली. "तिथं नुसती माती हाय. बोर, हिवर, बाभूळ, इथलीच लावू. माळाला आमी शिफ्टवाले राखू. गवत जाळू देणार न्हाई, भंगार टाकू देणार न्हाई."

"व्हय, राखू," मागून दोघं-तिघं बोलले. लगेच एकाने माळावरचे फुटके पाइप गोळा करायला घेतले.

साहेब म्हणाले, "एक वर्ष देतो. पण कोणाला साप दिसला की त्याच दिवशी जेसीबी." आणि कागदावर माळाची जबाबदार म्हणून संगीताचं नाव लिहिलं.

दुपारच्या गाडीने परत आलो. तुमच्या पोराबाळांच्या कारखान्यामागेही असा तुकडा असेल. जा, बसा, कमी बोला. खर्च फक्त तिकिटाचा.

माझी झोप मात्र गेली. रोज फोन करतो, "माय, साप दिसला का?" ती म्हणते, "न्हाई बाबा, टिटवीची पिल्लं निघाली." मला माहीत आहे, जिथे उंदीर आणि अंडी तिथे तो असणारच. जन्मभर मेंढरांपायी मनात म्हणत आलो, देवा, साप नको. आता हात जोडून सापालाच सांगतो: राहा रे राजा, सुखाने राहा. फक्त जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊ नकोस.