फुटक्या फ्यूजचा शॉक

मंडळी, आज दुपारी घरातला जुना वीजबोर्ड काढला. चिनी मातीचा फ्यूज हातात आला आणि डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकात वडील सुरतला, बमरोलीच्या लूम कारखान्यात माग चालवायचे. चिनी मातीतून वीज जात नाही, म्हणून तर फ्यूज पकडायला ती असते. तिथली मात्र फुटलेली होती.

वडिलांनी दोनदा सांगितलं, "शेठ, कोणाला तरी शॉक लागेल."

शेठ म्हणाला, "चालसे, भाऊ, चालसे."

एकदा फ्यूज उडाला. तो ओढून काढताना वडिलांचा उजवा हात भाजला. दोन बोटं कायमची वाकली, तुटल्या धाग्याला गाठ मारता येईना. काम सुटलं.

नवा फ्यूज त्याच संध्याकाळी बसला. माग बंद पडले होते ना!

तुमच्याकडे अशी वस्तू वेळेवर बदलतात, की आधी कोणाचा तरी हात जावा लागतो?