सांगाडा आणायला गेले होते…

पहाटेची पहिली बस पकडून मी तंजावूरहून किनाऱ्याकडे निघाले, ती एका देवमाशाचा सांगाडा आणायला... साठ सालानंतरची गोष्ट. कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागून मला वर्षही झालं नव्हतं.

आमच्या म्युझियममध्ये सिमेंटचा एक लांबलचक चौथरा कित्येक वर्षं रिकामा होता. पट्टुकोट्टैच्या पुढे देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलंय असा निरोप आला आणि आमच्या प्रोफेसरांचे डोळे चमकले. ते स्वतः तापाने झोपलेले, म्हणून मला पाठवलं... "एकही हाड हरवू देऊ नकोस," एवढंच बजावलं.

लग्न न झालेली मुलगी एकटी कशी जाणार? म्हणून सोबत आत्या. आमचं घराणं भोसले राजांच्या काळापासून तंजावूरचं, पण आत्याचं सोवळं राजांपेक्षाही जुनं! एका पिशवीत पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा डबा, दुसरीत सोवळ्याचं कोरडं लुगडं... त्या पिशवीला बसमध्ये कुणाचा तरी हात लागला, तर तिचं तोंड ओरत्तनाडु येईपर्यंत चालू होतं.

पोचलो तर अख्खं गाव किनाऱ्यावर. गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि फुस्सकन आवाज आला... पिल्लू जिवंत होतं.

बैलगाडीएवढं असेल. पोट वाळूत रुतलेलं, पाठ उन्हाने सुकत चाललेली. कोळणींनी त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि रांगेने घागरी आणून त्याच्या डोक्यावर अभिषेक चालला होता.

देवमाशाचं नाक डोक्यावर असतं, हे मी पुस्तकात वाचलेलं. प्रत्येक घागरीबरोबर ते गुदमरत होतं, जोरात फवारा उडवत होतं... आणि देव प्रसन्न झाला म्हणून बाया पुढची घागर आणत होत्या.

"डोक्यावर ओतू नका!" मी ओरडले. एक कोळीण शांतपणे म्हणाली, "टीचरम्मा, देव आपल्या पायांनी दारात आला, त्याला पाणीसुद्धा घालायचं नाही?"

गावचा तलैवर, म्हणजे कोळ्यांचा म्होरक्या, पुढे आला. "शेपटीला दोर बांधून दोन होड्यांनी ओढू? की मिठागराजवळच्या तळ्यात ठेवून दूध पाजू? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगाल ते करू."

खोटं कशाला बोलू... तिसरा मार्गही माझ्या मनात येऊन गेला. काहीच बोलायचं नाही. संध्याकाळपर्यंत सांगाडा माझाच होता.

तेवढ्यात त्याचा तो बारीकसा डोळा माझ्याकडे वळला. मला माझीच लाज वाटली.

"ओढू नका, शेपटीचे सांधे निखळतील. तळ्यातही नको... आईच्या दुधावरचं पोर, त्याला आपण काय पाजणार? दोन्ही बाजूंनी वाळू खणा, भरतीची वाट बघू." तलैवर म्हणाला, "भरती दुपारी चढेल. तोवर टिकायला हवं." पुरुष खणायला लागले, पण घागरी काही थांबेनात.

इतका वेळ छत्री घेऊन लांब उभी असलेली आत्या जवळ आली. "काय होतंय ग त्याला?" मी म्हटलं, पाठ ओली राहायला हवी, पण नाक मोकळं हवं, आणि माझं कुणी ऐकत नाही. "ओरडून कोण ऐकतंय? रहा तू," म्हणत ती सरळ बायांमध्ये शिरली.

"काय ग," तमिळमध्ये तिने विचारलं, "अभिषेक झाला, आता देवाला वस्त्र कोण नेसवणार? की उघडाच ठेवणार?"

घागरी जागच्या जागी थांबल्या. अभिषेकानंतर वस्त्र, हे कुणाला सांगावं लागतं का!

आत्याने पिशवी उघडली. ज्याला मीही कधी हात लावू शकले नव्हते ते लुगडं तिने समुद्रात बुचकळलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या पाठीवर पांघरलं. "मुख झाकायचं नाही. आता ओता, वस्त्रावर." बाया घरी पळाल्या, आपापल्या साड्या घेऊन आल्या.

दुपारपर्यंत मी त्याचे श्वास मोजत बसले होते. हळूहळू ते संथ झाले... खणलेल्या खड्ड्यात पाणी भरलं, पुरुषांनी खांदे लावले, एकदा ते परत रुतलं, आणि मग पाण्याने त्याला अलगद उचललं. साड्या एकेक सुटून वर आल्या. आत्याचं लुगडं मात्र त्याच्याबरोबरच गेलं, लांबपर्यंत दिसत होतं.

"गेलं की ग माझं लुगडं," आत्या म्हणाली आणि खुदकन हसली. मग आंघोळ न करता, त्या कोळणींच्या मध्ये बसून, तिने पुळियोदरैचा डबा उघडला. मी तिला असं जेवताना आयुष्यात एकदाच पाहिलं.

"हाडं?" दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी विचारलं.

"पोहत गेली, सर."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पिल्लू जगलं का, त्याला आई भेटली का, मला ठाऊक नाही... चौथरा मी रिटायर होईपर्यंत रिकामाच होता. नवी मुलं विचारायची, मॅडम, इथे काय ठेवायचं होतं? मी त्यांना आत्याच्या लुगड्याची गोष्ट सांगायचे. तिला मात्र त्या दिवशी थँक्यू म्हणायचं राहून गेलं.