मिशीची ओळ आणि माझा बाजा

पौषात बाई गेली. भाऊजींचा फोन आला. मी यवतमाळहून बस धरली, घाटंजीला उतरलो आणि तांड्यावर पोचलो. अंगणात माणसं बसली होती.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बहिणीला बाई म्हणतात आणि भावाला भिया. ती बोली सगळ्यांना कळणार नाही, म्हणून तांड्यावरचं बोलणं मी इथे वऱ्हाडीत लिहितो आहे. बाई असती तर म्हणाली असती, लिहून कायले राह्यला, म्हणून दाखव.

हे "म्हणून दाखव" माझ्यामागे लागलं ते एका होळीपासून. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होतो. माऊथ ऑर्गन मी पुस्तकात वाचून शिकलो होतो, खोलीचं दार लावून. कोणासमोर गायचं तर सोडाच, रस्ता विचारायचाही मला संकोच. तोंडात काहीतरी धरलं की बोलावं लागत नाही, हा त्या वाद्याचा मला दिसलेला पहिला गुण. तांड्यावर त्याला सगळे बाजा म्हणत. बाईनं तिच्या तांड्यावर होळीला बोलावलं आणि बाजा घेऊन ये म्हणून सांगितलं.

होळीला आमच्यात लेंगी नावाची गाणी म्हणतात. बायांची ओळ एकीकडे, पुरुषांची दुसरीकडे, मधे नंगारा. गाण्यांत एकमेकांची खेचायची, आणि ज्याची खेचली त्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं. बायांच्या ओळीत पुढे नेहमी बाई. तिची ठरलेली ओळ स्वतःच्या नवऱ्यावर होती. मराठीत सांगायची तर:

"नवऱ्याची मिशी केवढी, शेळीच्या शेपटीएवढी."

भाऊजींची मिशी खरंच तेवढी होती. ते समोरून उत्तर देत:

"शेळी तुझ्या माहेरची, मिशी माझ्या चेहऱ्याची."

त्या वर्षी मी बायांच्या गाण्यामागे बाजा धरला. सूर बरोबर लागले, ताल बरोबर होता. पण बाजाची एक गंमत आहे. फुंकला तरी वाजतो, श्वास आत ओढला तरी वाजतो. बासरीवाल्याला कुठेतरी थांबावं लागतं, गाणाऱ्याला तर लागतंच. बाजावाला वाजवता वाजवताच श्वास घेतो. मी थांबलोच नाही. एक ओळ संपायच्या आत दुसरी सुरू. बाया माझ्यामागून धावत सुटल्या. पाचवारी-सहावारी नाही, आरसे आणि कवड्या लावलेले घागरे सांभाळत त्या नाचत होत्या. आधी एक काकी गुडघ्यावर हात ठेवून वाकली. मग तिच्या शेजारची खोकायला लागली. बाईचा चेहरा पळसाच्या रंगाचा झाला, पण भावासमोर थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. मी डोळे मिटून वाजवत होतो. मला वाटलं, रंगात आल्यात.

पळसाच्या फुलांचं पाणी भरलेली कळशी तिनं माझ्या डोक्यावर रिकामी केली, तेव्हा मी थांबलो.

"भिया," ती धाप टाकत म्हणाली, "तू बायासाठी वाजवून राह्यला का पिठाच्या गिरणीसाठी?"

बाजातून केशरी पाणी गळत होतं. झटकला, उन्हात ठेवला, काडीनं कोरला. तरी आतली सूर देणारी एक पत्ती अडकली ती अडकलीच. मी नवा घेतो म्हणालो.

"नवा कायले? तेवढा सूर तोंडानं म्हण. तोंड हाये ना तुले?"

मग तिनं हुकूमच काढला. जी लेंगी मला गाता येत नाही ती मी वाजवायची नाही. आणि शिकवणी सुरू झाली. कापूस वेचायच्या दिवसांत मी सुट्टी घेऊन जायचो. ती कपाशीच्या एका ओळीत, म्हणजे तासात, मी शेजारच्या, कमरेला दोघांच्याही वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली. ती एक ओळ म्हणायची, मग मी. माझा आवाज ऐकून बांधावरची शेळी चरायची थांबली की बाई तिची समजूत काढायची, की घाबरू नको, घरचाच माणूस हाये. शेजारच्या वावरातल्या बायांनी निरोप पाठवला होता, की भावाले दुखत असन तर दवाखान्यात न्या.

ग्रंथालयात माझ्या टेबलामागे "शांतता राखा" अशी पाटी होती. एका दुपारी तिच्याखाली बसून मी पुस्तकांना नंबर घालत होतो. एक विद्यार्थिनी जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, बरं वाटून नाही राह्यलं का?" तेव्हा मला कळलं, की मी मिशीची ओळ मोठ्यानं म्हणत होतो.

पण ती शिकवणी वाया गेली नाही. ओळ कुठे संपते हे बोटांना किंवा ओठांना कळत नाही, छातीला कळतं. शब्द अर्धा असताना श्वास तोडला की गाणारा स्वतःच अडखळतो; बाजावर ते खपून जातं, म्हणून वाजवणाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. गायला लागल्यावर मी थांबायला शिकलो. आणि एक गोष्ट बाईनं वेगळी सांगितली. मिशीच्या ओळीआधी थोडं जास्त थांबायचं. तिथे ती भाऊजींकडे बघायची, ते मिशीला हात लावायचे, आणि मगच ती ओळ फेकायची. तेवढी जागा तिची होती.

यंदाची होळी तिच्याशिवायची. आमच्या तांड्यांत, वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरापुढे लोक आधी येतात आणि लेंगी म्हणतात. घरच्यानं बाहेर येऊन आवाजात आवाज मिळवला की शोक सुटला. नाही आला, तर वर्षभर त्या घरात कार्य नाही. बाईनं जाण्याआधी धाकट्या लेकीचं लग्न वैशाखात ठरवलं होतं. आणि भाऊजींनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, की मी दार उघडणार नाही, लग्न पुढच्या वर्षी बघू. त्या धाकट्या भाचीनं बाजा पुसून माझ्या पिशवीत ठेवला.

लोक आले तेव्हा दाराला आतून कडी होती. बायांनी सुरुवात केली, पण पुढे कोणी नव्हतं. एकीनं उचललं की दुसरी मागे राहायची, आणि गाणं विझायचं. तांड्याच्या नायकानं माझ्याकडे पाहिलं. मी बाजा काढला.

ओळ वाजवली, थांबलो. बायांनी श्वास घेतला आणि गायल्या. पुढची ओळ, पुन्हा थांबलो. नंगारा जुळून आला. मग बाईची जागा आली. मी थांबलो. ती ओळ कोणीच उचलली नाही. गाणं फिरून तिथेच आलं, पुन्हा तसंच. बाया एकमेकींकडे पाहत होत्या. तिची ओळ तिच्याच दारात कोण म्हणणार.

तिसऱ्यांदा मी बाजा खाली घेतला आणि गायलो, "नवऱ्याची मिशी केवढी..."

तांड्यातलं एक कुत्रं माझ्या सुरात सूर मिसळून गेलं. मग दाराआडून भाऊजींचा आवाज आला.

"कोणाच्या नवऱ्याची?"

आधी काकी हसली. मग बायांची सगळी ओळ ओढणीत तोंड घालून हसायला लागली. मी पुढे म्हटलं, "शेळीच्या शेपटीएवढी."

"सुरात तरी म्हण बापा," आतून आवाज आला. "काहून तिची लाज काढून राह्यला."

कडी निघाली. भाऊजी उंबऱ्यात उभे राहिले. दाढी वाढली होती, त्यात मिशी हरवली होती, तरी हात तिकडेच गेला. त्यांनी बोट माझ्यावर रोखलं आणि गायला सुरुवात केली, "शेळी तुझ्या माहेरची..."

माहेरचा तिथे मी एकटाच होतो.

अर्धी ओळ झाली आणि त्यांचा आवाज गेला. नंगारेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. बाजावर उरलेली अर्धी ओळ वाजवून टाकणं अगदी सोपं होतं. बाजाला श्वासासाठी थांबावं लागत नाही. मी बाजा ओठांना लावला नाही. बायाही थांबल्या. भाऊजींनी खाली पाहिलं, श्वास घेतला, तो सगळ्यांना ऐकू आला, आणि म्हणाले, "मिशी माझ्या चेहऱ्याची."

मग नंगारा वाजला. भाचीनं कळशी आणली आणि आधी मामावरच ओतली. बाजा मी यावेळी वर धरला होता.

वैशाखात लग्न झालं. भाऊजींनी मिशी कातरून घेतली आहे, पण फार नाही. बाजा माझ्या टेबलावर आहे. त्यातली ती पत्ती अजून अडकलेलीच आहे, आणि तेवढा सूर मी तोंडानं म्हणतो.