जावेच्या गालातली डोमकळी

आमची धाकटी जाऊ जो ठेचा करते, तो सगळ्यांच्या घशाखाली उतरत नाही. माझा पुण्याचा जावई एकदा बोटाला लावून चाखायला गेला, तर हात धुईपर्यंत कोणाशी बोलला नाही. जाऊ मात्र तोच ठेचा भाकरीवर लोण्यासारखा पसरून खायची. म्हणून मागच्या साली, कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, लागायच्या दिवसांत, ती मुकाट्याने वरणात भाकर चुरायला लागली ते माझ्या नजरेत आलं.

"काऊन वं, मिरचीशी अबोला धरला का?" मी म्हटलं.

"तोंडात गरमी झाली बाई. जाईचा पाला चावून राह्यली मी. होते बरं."

आता गरमी म्हटलं की आपण गुलकंद आणतो, काथ लावतो. त्यात वावगं काही नाही. पण आमच्याकडे बायकांना मशेरीची सवय. तंबाखू तव्यावर काळीशार भाजायची, वाटायची, डबीत भरायची आणि सकाळी ओट्यावर बसून दातांना घासत गप्पा मारायच्या. कोणाची सून रुसली, कोणाची म्हैस व्याली, सगळं तिथंच कळतं. मीही लावायची. जाऊ एक पाऊल पुढं गेली होती. गाल दुखला की बरोब्बर दुखत्या जागेवर ती मशेरीची चिमूट दाबून ठेवी. जागा बधिर व्हायची, ठणका थांबायचा. "दवाईच आहे ना बाई," असं मला वर सांगायची. जिच्यामुळे दुखत होतं तिलाच औषध समजून ती गालात सांभाळत बसली होती.

पोळा झाला, गणपती झाले, तरी तिचा ठेचा बंदच. मग मी तिला उजेडात बसवलं आणि मोबाइलच्या बॅटरीने तोंडात पाहिलं. गालाच्या आतून पांढरा चट्टा होता, दुधाची साय चिकटावी तसा, आणि मधोमध एक जखम.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी मोताळ्याला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरगी वयाने माझ्या नातीएवढी. तोंड पुरतं उघडतं का ते पाहायला तिने जावेला सांगितलं, "मावशी, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बरं." जावेची दोनच गेली, तिसरं बाहेर राहिलं. पोरीने हातमोजे घालून गाल चाचपला, मान चाचपली. म्हणाली, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर ती साधी समजायची नाही. कॅन्सर तर नाही ना, ते पाहायला गालाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवू.

तुकड्याचं नाव निघालं आणि जाऊ पिशवी उचलून बाहेर. मी मागं गेले, तर ही बसस्टँडच्या बाकावर मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसलेली.

"मी नाई कापू देत. लोखंड लागलं की ते भडकते. सगळ्या अंगात पसरते. सारं गाव सांगते."

गाव सांगतं हे खरंच. मीही तेच ऐकत म्हातारी झाले. तिच्या गालात काय आहे ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचा रस्ता ती बंद करून बसली होती. समोरून कपाशीच्या फवाऱ्याची टाकी डोक्यावर घेऊन एक माणूस गेला, तेव्हा मला आमचं वावर आठवलं.

मी म्हटलं, "बोंड वरून हिरवंगार असते. आत गुलाबी अळी आहे का नाई, ते तू कसं पायते?"

"फोडून पायते. अजून कसं?"

"मंग तू फोडल्यानं अळी वावरभर पसरते का वं?"

"बह्याड झाल्या का बाई? अळी आंधीच आत असते. फोडल्यावर दिसते फक्त."

ती मेथीची पानं खुडत राहिली. आमच्या शिवारात अळी ओळखण्यात तिचा हात कोणी धरत नाही. कपाशीचं फूल उमलायचं सोडून गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलं की आत अळी समजायची, अशा फुलाला आम्ही डोमकळी म्हणतो. ती दिसली की तोडून नष्ट करायची, बोंडं लागायची वाट पाहायची नाही. हे ती दरसाल मजूर बायांना ओरडून ओरडून सांगते.

अर्धी जुडी खुडून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे माह्या गालात डोमकळी आहे म्हणता."

"असंन किंवा नसंन. पाहू तं दे."

तुकडा काढला. निकाल आला तो कॅन्सरचाच. माझे दीर तो कागद उलटासुलटा करून पाहत राहिले. पण डॉक्टरीणबाई म्हणाली, लहान आहे, लवकर आलात. अंगातल्या पेशी जुन्या मरतात, नव्या होतात, एखादी वाढायचं थांबतच नाही, मग गाठ होते, जखम होते. मोठ्या दवाखान्यात तेवढी जागा काढली, मानेतल्या गाठीही काढून तपासल्या. त्या साफ निघाल्या, म्हणून किरणांचे शेक द्यावे लागले नाहीत. तपासणीला मात्र ठरल्या वेळी जावं लागतं, आणि ती जाते.

खरी मजा घरी आल्यावर झाली. तोंड उघडायची सवय व्हावी म्हणून दातांमध्ये लाकडी काड्या धरायला सांगितल्या होत्या, एकेक वाढवत. काड्या कुठून आणाव्या ते दिरांना कळेना. त्यांनी कुल्फीवाल्याला ओट्यावरच उभं केलं आणि सगळ्या घराने जावेच्या इलाजासाठी म्हणून कुल्फी खाल्ली. दिरांचा घसा बसला. जाऊ तोंडात काड्या धरून डोळ्यांनी हसत होती.

मशेरीच्या डब्या दोघींच्याही गेल्या. मला पहिले काही दिवस सकाळ काढणं जड गेलं, डोकं ठणकायचं, सुनेवर उगाच चिडायची. आता डबीत बडीशेप असते. ओट्यावरची बैठक चालूच आहे, फक्त जाऊ आलेल्या बाईला आधी तीन बोटं तोंडात घालायला लावते. बांगडीवाल्या भाभी लाजत होत्या, तर म्हणे, "भाभी, तुम्ही साऱ्या गावाचे हात पकडता, आज आपलेच पकडा." भाभींची तिन्ही गेली, पण गालाला चट्टा दिसला. त्यांनीही दाखवलं. तो कॅन्सर नव्हता. तंबाखू सोडा आणि दाखवत राहा, असं सांगितलं.

एवढं झालं तरी ठेचा राहिलाच होता. ती जेवायची मऊ भात, दूध-भाकर. ठेचा मी करायचे आणि घरचे बिचारे छान झाला म्हणायचे. "सोसेल तेवढं तिखट खा," असं डॉक्टरीणबाईने सांगूनही जाऊ भीत होती. यंदा तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी ठेचा कुटून भाकरीची पाटी पुढं ओढली. तिने करंगळी खलबत्त्यात बुडवली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसले.

"झोंबला का वं?"

तिने डोळे उघडले. "हा कोणासाठी केला बाई? जावई येऊन राह्यले का पुण्याहून?"

आणि उठून अजून मिरच्या आणायला गेली.