कॉकपिटचं दार आणि बाबांची सीट

त्या वर्षांत आमच्या घरची चूल विमानावर चालायची. शोभेसाठी लिहीत नाही, खरोखरच तसं होतं. बाबा विमानतळावर सफाईच्या ठेक्यावर होते आणि ठेकेदाराचा नियम सरळ होता: विमान आलं तर मजुरी, नाही आलं तर घरी जा. जबलपूरला तेव्हा रोज विमान नव्हतं. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी एक लहानसं पंख्यांचं विमान यायचं, आणि हिवाळ्यात त्याचाही भरवसा नसायचा. धुकं असलं की ते वरच्या वर घिरट्या घालून परत जायचं.

चेरीताल वस्तीतल्या आमच्या खोलीला एकच खिडकी होती. आई सकाळी ती उघडून बघायची. समोरच्या घरावरची पाण्याची टाकी दिसली तर ती नेहमीसारखी कणीक भिजवायची. टाकी दिसली नाही तर अर्धीच. "आज येत नाई वाटते," एवढंच बोलायची आणि खिडकी लावून घ्यायची. धुकं लोकांना सुंदर वाटतं. मला अजूनही वाटत नाही.

एका वर्षी तर विमान कंपनीनं जबलपूरची फेरीच बंद केली. बाबा मग शहपुऱ्याच्या मंडीत मटाराच्या गोण्या उचलायला जाऊ लागले. विमान नाही म्हणून माणूस मटार उचलतो, हे दुसऱ्या कुठल्या घरात घडलं असेल असं मला वाटत नाही.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. जबलपुरात मराठी माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जुनी घराणी येतात, भोसल्यांच्या काळापासून नोकरीपाण्यासाठी इकडे आलेली, आता प्राध्यापक-अधिकारी झालेली. आम्ही ते मराठी नव्हे. आम्ही वर्ध्याकडचे, घरात बुद्धवंदना म्हणणारे. आजोबा काम शोधत इकडे आले आणि राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

फेरी परत सुरू झाली तेव्हा मी चौथीत होते. शाळेला सुट्टी असली की बाबा मला सायकलवर पुढे बसवून डुमन्याच्या, म्हणजे विमानतळाच्या, रस्त्यानं घेऊन जायचे, कारण आई सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांत कामाला जायची आणि मला एकटीला खोलीत ठेवायला ती तयार नसायची. तेव्हा आजच्यासारखा बंदोबस्त नव्हता. दारावरचा शिपाई बाबांना "भैया" म्हणायचा, मला बिस्कीट द्यायचा, आणि मी सामानाच्या शेडमध्ये बसून विमानाची वाट बघायची.

विमान उतरलं, माणसं उतरली, की बाबा आणि त्यांचा जोडीदार मागच्या शिडीनं आत शिरायचे. कागद, सालं, बाटल्या गोळा करायच्या, सीटा पुसायच्या आणि प्रत्येक सीटवर पट्ट्याची दोन्ही टोकं फुलीसारखी आडवी टाकायची. फुली म्हणजे ही सीट साफ झाली, आता कोणी हात लावू नका. बाबा ती फुली इतकी सारखी टाकायचे की सगळी रांग कवायतीला उभी असल्यासारखी दिसायची. एकच गोष्ट करायची नव्हती: बसायचं नव्हतं. दमून कोणी टेकला तर त्याच दिवशी घरी, असं ठेकेदारानं बजावून ठेवलं होतं.

त्या काळात कॉकपिटचं दार उघडं असायचं. विमान तासभर थांबायचं, आणि कंपनीचे इथले मॅनेजर मोठ्या साहेब लोकांच्या पोरांना हात धरून वर न्यायचे, वैमानिकाच्या शेजारी बसवायचे. पोरं खाली येताना छाती काढून यायची. मी शेडमधून बघायची. मला राग यायचा असं नाही. ती जागा आपली नाही हे मला कोणी न सांगताच कळलेलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी वैमानिक पाय मोकळे करायला खाली आले. वयस्क होते, केरळकडचे असावेत, हिंदी मोडकं. बाबांना विचारलं, "ये तुम्हारा बेटी है?" बाबा म्हणाले, "जी साहब." ते मला म्हणाले, "आओ, दिखाता है."

मी चप्पल शिडीखाली काढली आणि अनवाणी आत गेले. कॉकपिट मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लहान होतं, आमच्या मोरीएवढं. त्यांनी मला उजव्या हाताच्या खुर्चीवर बसवलं, हेडफोन कानांवर चढवला, तो माझ्या गळ्यात उतरला. "कुछ छूना नहीं, सिर्फ देखना." मी हात मांडीखाली दाबून ठेवले. मग त्यांनी एका घड्याळासारख्या डब्याकडे बोट केलं. विमान किती उंचावर आहे ते हा डबा सांगतो म्हणाले. मी पाहिलं. विमान तर जमिनीवर उभं होतं, तरी काटा शून्यावर नव्हता.

"ये खराब है?" मी विचारलं.

ते खूप हसले. "खराब नहीं बेटी. समुंदर से नापता है. तुम्हारा जबलपुर ही ऊँचा है."

मला ते एवढं आवडलं की काय सांगू. आम्ही काहीच न करता, शेडमध्ये बसल्या-बसल्यासुद्धा, एवढ्या उंचावर होतो.

तेवढ्यात मागून मॅनेजरचा आवाज आला आणि त्यांच्यामागे एक बाई, सोबत माझ्याच वयाचा मुलगा, नवे बूट घातलेला. कोणा मोठ्या अधिकाऱ्याच्या घरची. तिनं मला पाहिलं. "ये किसकी बच्ची है?"

"सफाईवाले की है, मैडम. अभी उतार देते हैं."

मी स्वतःच उतरले. बाई रागावली नाही, आवाजही चढवला नाही. तिनं अगदी साधेपणानं, पाणी मागावं तसं म्हटलं, "सीट जरा पोंछवा दीजिए."

मॅनेजरनं हाक मारली. बाबा फडकं घेऊन आले. मी मिनिटभरापूर्वी बसले होते ती खुर्ची त्यांनी माझ्यासमोर पुसली, पाठ पुसली, हात ठेवायची जागा पुसली. मग तो मुलगा बसला.

वैमानिकांनी त्या बाईला काहीतरी सुनावलं असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांनी काही सुनावलं नाही. ते काट्यांकडे बघत राहिले. माणूस चांगला होता आणि गप्प बसला. दोन्ही खरं आहे.

परत येताना सायकलवर मी विचारलं, "बाबा, तुम्ही काहून पुसली?"

"काम हाय ते."

"मी काय घाण होती?"

बाबा पॅडल मारता मारताच म्हणाले, "सीट तर मी सगळ्याइचीच पुसतो. त्या पोराच्या मागूनबी पुसली. तू गेली होती तवा शेडमधी, तुले दिसलं नाई."

"पण तुम्ही त्यात कधी बसले?"

"मी काहून बसन?" ते म्हणाले, जणू मी वेडगळ काही विचारलं. "मले कुठं जायचं हाय?"

त्या दिवशी माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. मला वैमानिक व्हायचं नव्हतं. मला बाबांना त्या विमानात बसवायचं होतं, तिकीट काढून, समोरच्या दारानं, सगळ्यांच्या देखत. त्यासाठी नोकरी हवी होती, नोकरीसाठी शिक्षण. बाकी सगळं मग त्याच्यामागे आलं.

मी बारावीनंतर बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा वस्तीतली एक मावशी आईला म्हणाली, "पोरीले एवढं शिकवून काय विमान उडवाले लावतं का?" आई म्हणाली, "लावीन. तुले बसाचं असन तर आत्ताच सांगून ठेव, मंग जागा भेटत नाई." आई शाळेत कधी गेली नव्हती, पण उत्तर देण्यात ती कोणाला हार गेली नाही. मी भौतिकशास्त्र घेतलं. त्यात हवेच्या दाबाचा धडा आला तेव्हा तो डबा कसा चालतो ते मला समजलं, आणि मी वर्गात एकटीच हसत होते. सरांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "सर, ये मैंने बैठकर देखा है." कोणाचा विश्वास बसला नाही. न बसू दे.

पदवी झाली, परीक्षा दिल्या, दोनदा आपटले, तिसऱ्यांदा हवामानाच्या कार्यालयात लागले. फिरत फिरत बदली जबलपूरला झाली, त्याच धावपट्टीच्या काठावर. वारा किती, ढग किती खाली, धुक्यातून किती लांबचं दिसतं, हे बघून कळवायचं. बाबा वस्तीत सांगत सुटले, "आमची पोरगी हो म्हणते तवाच विमान उतरते." मी किती वेळा सांगितलं की बाबा, मी फक्त दिसतं ते कळवते, उतरायचं की नाही ते वैमानिक ठरवतो. "तेच ना," बाबा म्हणायचे, "तू दिसते म्हणशीन तवाच तो उतरन." मी वाद सोडून दिला.

मधल्या काळात दुनिया बदलली. जगात कुठे कुठे विमानं पळवली गेली आणि कॉकपिटचं दार बंद झालं, आतून कुलूप. पोरांना वर नेणं संपलं. तिकिटं स्वस्त झाली, विमानं वाढली, इमारत नवी झाली. मागे एकदा कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त गृहस्थ, मुलाला घ्यायला आलेले, मला ऐकवत होते. "मैडम, पहले हवाई सफर की बात ही और थी. हमारे बच्चों को पायलट खुद बुलाता था, टॉफी देता था. अब तो बस हो गई है. कोई भी चढ़ जाता है."

मी चहा संपवला. म्हटलं, "जी. हम ही हैं वो कोई भी."

त्यांना वाटलं मी थट्टा करून राहिली आहे. मी थट्टा करत नव्हते. जुन्या दिवसांसाठी लोक उसासे टाकतात, त्यांनी टाकावेत, त्यांचे दिवस चांगले होते. ते दार उघडं होतं तेव्हा कोणासाठी उघडं होतं, हे मला माहीत आहे. मला ते बंद झाल्याचं दुःख नाही.

बाबांना तिकिटाचं सांगितलं तर ते चिडले. "काय काम हाय?"

"काही काम नाही."

"मंग काहून जाचं?"

"बसायला."

"कुठं जाऊन राहिलो आपण?"

"इंदूरला."

"इंदूरले आपलं कोन हाय?"

"कोणी नाही, बाबा."

आई म्हणाली, "मी तयार हाय. बाबाले इथंच राहू दे, मी खिडकीजवळ बसतो." त्यावर बाबा कबूल झाले. गरीब माणसाला प्रवासाला कारण लागतं: लग्न, मयत, दवाखाना. आम्ही विनाकारण गेलो. जायचं विमानानं, यायचं रेल्वेनं, आणि मध्ये पोहे खायचे, एवढाच बेत होता.

त्या दिवशी बाबांनी पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा घातला आणि विमानतळावर टॅक्सीतून उतरल्याबरोबर सवयीनं कामगारांच्या फाटकाकडे निघाले. मी त्यांना दंडाला धरून वळवलं. "इकडून, बाबा."

विमान पंख्यांचंच होतं, नव्या बनावटीचं. बाबांना खिडकीची सीट होती. ते सीटजवळ उभे राहिले, पट्ट्याची फुली बघितली, आणि फुली तशीच ठेवून अलगद तिच्यावर बसले.

हवाई सुंदरी आली. "अंकल जी, बेल्ट नीचे रह गया आपका."

"ये साफ सीट का निशान है, बेटा," बाबा म्हणाले. "खोलेंगे तो सफाईवाले को फिर से लगाना पड़ेगा."

मागच्या रांगेतला एक तरुण फिस्सकन हसला. मी वळून त्याच्याकडे बघितलं, तो मोबाईलमध्ये शिरला. बाबांना म्हटलं, "उठा. आता ती सोडा. ही तुमच्यासाठीच साफ केली आहे."

"माह्यासाठी?"

"हो."

बाबा उठले, फुली सोडली, बसले. पट्टा बांधायला त्यांना मदत लागली नाही. उड्डाणाच्या वेळी आईनं माझा हात इतका आवळला की बांगडीचा वळ उठला. बाबा काचेला नाक लावून बसले होते. नर्मदा दिसली, मग शेतं. "चेरीताल कोनतं?" त्यांनी विचारलं. तोवर ते मागे पडलं होतं. मी तरी एका ठिकाणी बोट दाखवलं.

थोड्या वेळानं त्यांचं लक्ष समोर कॉकपिटच्या दाराकडे गेलं. "बंदच ठेवतात का आता?"

"पूर्ण वेळ."

"कलेक्टरचं पोरगं आलं तरी?"

"तरी."

"मंत्र्याचं?"

"त्याचंही नाही, बाबा. कोणाचंच नाही."

बाबा हसले, चांगले मोठ्यानं, दोन रांगा वळून बघतील इतके. मग परत खिडकीकडे वळले आणि इंदूर येईपर्यंत खाली बघत राहिले.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझ्या पगारातून मी तीन तिकिटं काढली, आणि जबलपूर ते इंदूर माझे आई-बाबा विमानात बसून गेले.